घाण्याचं गाणं आणि पिवळी पिन

घाणा परवावर आला, तरी प्रेमलताच्या तोंडून गाण्याची पहिली ओळ काही केल्या आरतीच्या चालीवाचून निघेना.

केळींना पाणी सोडताना तेच, कागड्याच्या कळ्या खुडताना तेच. ‘मुसळ उचलीते, हाती कांकण वाजू दे.’ शब्द कसे, धुतलेल्या तांदळासारखे स्वच्छ. पण गळ्याबाहेर पडले की असे ठेक्यात चालू लागत, की ऐकणाऱ्यानं टाळ घेऊन उभं राहावं. दुसरी ओळ मात्र सांजेच्या वासरासारखी आपली आपण दाराशी यायची. ‘लेकीची गं हळद, साऱ्या वाडीला साजू दे.’ तिला शोधावं लागत नसे, की बोलवावं लागत नसे.

याला कारण होतं. घाणा म्हणजे लग्नाआधी घरच्या उखळात हळद कांडायची. दोन मुसळांना आंब्याची पानं बांधायची, समोरासमोर दोघींनी उभं राहायचं आणि आळीपाळीनं कांडायचं. एकीनं ओळ घालायची, दुसरीनं झेलायची. वटारच्या या घरात प्रेमलता सून म्हणून आली तेव्हापासून ओळ घालायच्या त्या सासूबाई, मथुराआई. आणि झेलायची ती प्रेमलता. इतकी लग्नं झाली, दिरांची, नणंदांची, पुतण्यांची, पण प्रेमलतानं पहिली ओळ कधी तोंडात घेतली नाही. आई असताना ती घ्यायची काय गरज? विहीर भरलेली असताना कुणी पाणी साठवून ठेवतं का?

मग आई गेल्या. मुलाचं, सुजयचं लग्न टाळेबंदीत झालं, साताऱ्याला, मोजक्या माणसांत. सून सुमेधा या घराचा उंबरा ओलांडून आली ती तोंडाला मास्क लावून. तिचा घाणा राहूनच गेला. वाडीतल्या बाकीच्या लग्नांत आता हळद मिक्सरमधून निघत होती आणि गाणी स्पीकरमधून.

म्हणून लेकीच्या, ज्ञानदाच्या साखरपुड्याला नणंद हंसा भरल्या पानावर म्हणाली, “वहिनी, घाण्याला आपण मस्त गाणी लावू. आमच्या जावयाकडे हाऽ एवढा स्पीकर आहे. वटारला लावला तर आगाशीला नाचतील.”

आणि प्रेमलता, जी कधी कुणाला उलटून बोलली नव्हती, ती श्रीखंड वाढता वाढता म्हणाली, “या घरात घाण्याला आईंचंच गाणं होईल, वन्सं. मी घालीन.”

झालं. शब्द गेला. आता परवा दिवशी मांडवात पहिली ओळ आली नाही, तर हंसाच्या जावयाचा स्पीकर लागणार, आणि मथुराआईंचं गाणं त्यांच्या मागे निघून जाणार. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ते नव्हतंच. हंसा लेक खरी, पण तिचा गळा म्हणजे गंजलेला रहाट.

“अहो,” प्रेमलता नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या त्या कॅमेऱ्यात आहे ना आईंचा घाणा?”

नरहरी ओट्यावर बसून सुपाऱ्या मोजत होता. कॅमेरा म्हटल्यावर त्याची पाठ ताठ झाली.

“आहे म्हणजे? मी स्वतः घेतलाय. धाकट्या भावाच्या लग्नात. नुसते फोटो नाहीत, चालतं चित्र आहे. आवाजासकट!”

“मग दाखवा ना.”

“दाखवा म्हणे. दिसायला पाहिजे ना.”

लोखंडी कपाटातून कापडी पिशवी निघाली, पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून खोकं, आणि खोक्यातल्या थर्माकोलच्या बाळंतखोलीतून चंदेरी रंगाचा जाडजूड डिजिटल कॅमेरा. हा कॅमेरा नरहरीनं आणि नंदाखालच्या ॲन्सेल्मनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतला होता. दोघं शाळेपासूनचे सोबती. एकानं सायकल घेतली की दुसऱ्यानं घ्यायची, एकाच्या वाडीत पपनस लागलं की दुसऱ्याच्या वाडीत रोप जायचं. ॲन्सेल्मचा कॅमेरा पहिल्याच पावसात बंद पडला. नरहरीचा टिकला, कारण तो फारसा खोक्याबाहेर आलाच नाही. तरीही खाऱ्या वाऱ्यानं त्याला शोधून काढलंच. त्याच्या पाठीवरचा इवलासा पडदा काळा पडला होता, शेवाळलेल्या विहिरीसारखा. आत सगळं असेल, पण वाकून पाहिलं तर आपलंसुद्धा तोंड दिसायचं नाही.

सुमेधा सुट्टी काढून एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून दोन दिवस आधीच आली होती. तिनं कॅमेरा हातात घेतला.

“त्यात काय, आई. पडदा गेला तर गेला. टीव्हीला नाहीतर कॉम्प्युटरला जोडू. बाबा, याची वायर?”

“कुठली? कॉम्प्युटरची की टीव्हीची?”

“कुठलीही.”

“कॉम्प्युटरची उंदरानं खाल्ली. टीव्हीची ॲन्सेल्मनं.”

सुमेधानं हसू दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पोटातलं कार्ड काढलं. नखाएवढंच, पण भलत्याच घडणीचं. लॅपटॉपच्या एकाही फटीत ते शिरेना. ती ते घेऊन आगाशीच्या मोबाईलवाल्याकडे जाऊन आली. त्यानं ते चिमटीत धरून, फुंकर मारून, उजेडात पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, ये तो अभी आता ही नहीं. म्युझियम में रखो.”

“म्हणजे वायरच हवी,” सुमेधा परत येऊन म्हणाली. “एका टोकाला ही चपटी पिन, आणि दुसऱ्या टोकाला दोन. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. आणि टीव्हीसुद्धा तसा हवा. आपल्या भिंतीवरच्या नव्या टीव्हीला ती रंगीत भोकंच नाहीयेत.”

“ॲन्सेल्मभाऊंकडे जुना टीव्ही आहे की,” प्रेमलता म्हणाली. “मागच्या नाताळात पाहिला मी. ते मोठं पोट असलेलं धूड.”

“मी त्याच्याकडे वायर मागायला जाणार नाही,” नरहरी म्हणाला. “त्यानं कॅमेऱ्याबरोबर माझी वायर नेली, त्याच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला. परत दिली नाही. वर म्हणतो, दिली.”

“तुम्ही मागू नका. तुम्ही नुसते बसा,” प्रेमलता म्हणाली, आणि पदर खोचून गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

नंदाखालच्या वाटेवर दोन्हीकडे नारळी उभ्या होत्या, मानकऱ्यांसारख्या. घरोघरी नाताळाच्या चांदण्या टांगायला सुरुवात झाली होती. सुमेधा गाडी चालवत होती. नरहरी मागे, खोकं मांडीवर घेऊन, डॉक्टरकडे निघालेल्या बाळाच्या बापासारखा. आणि प्रेमलता खिडकीतून वारा घेत मनातल्या मनात पहिली ओळ घालून पाहत होती. मुसळ उचलीते. आरती. हाती कांकण. आरती. देवा, आता काय प्रसादच वाटू की काय!

ॲन्सेल्म ओट्यावरच होता, नारळ सोलत. “या या! नरू, लग्नघर सोडून इकडं कुठं? मुलीनं नकार दिला की काय?”

“माझी वायर दे,” नरहरी म्हणाला. नुसतं बसायचं ठरलेलं तो फाटकाशीच विसरला.

“परत तेच! अरे, मी तुला दिली. निर्मळच्या जत्रेत हातात दिली.”

“जत्रेत तू मला सुकेळी दिलीस.”

“सुकेळीबरोबर दिली!”

“सुकेळी मी खाल्ली. वायर असती तर दाताला लागली असती.”

आतून एलिना पीठ लागलेले हात पुसत आली. ती करंज्या करत होती. “तुम्हा दोघांना बाहेरच राहू दे. प्रेमा, तू ये आत. हिलाही आण. सून ना ही? साताऱ्याची? ये बाय, ये.”

माजघरात कोपऱ्यात तो टीव्ही होता. धूड म्हणजे धूडच. पण टीव्ही म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. त्याच्या रुंद माथ्यावर एलिनानं नाताळचा गोठा मांडायला घेतला होता. पेंढ्याचं छप्पर, मातीचे मेंढपाळ, मेंढ्या, एक मान मोडून चिकटवलेला उंट. बाळाची जागा अजून रिकामी.

“नव्या टीव्हीवर मेंढीसुद्धा उभी राहत नाही,” एलिना म्हणाली. “म्हणून याला ठेवलाय. लागतो अजून. पण बघतं कोण?”

प्रेमलता गोठा पाहत होती. कुणी किती सुरेख मांडलंय ते पाहावं तशी नजर वर वर नेत होती: पेंढ्यावरून छपरावर, छपरावरून वर तुळईला टांगलेल्या कागदी चांदणीवर, चांदणीवरून ती ज्याला लटकत होती त्या काळ्या दोरीवर. दोरीला वर गाठ होती. गाठीखाली दोन शेपट्या लोंबत होत्या. एकीचं टोक पिवळं. एकीचं पांढरं.

“सुमेधा,” ती हळूच म्हणाली, “चित्राची कुठली म्हणालीस?”

सुमेधानं वर पाहिलं. आणि मग जी हसत सुटली, ती एलिनाचा खांदा धरूनच थांबली. बाहेरचे दोघं धावत आले. नरहरीनं चांदणीकडे पाहिलं, ॲन्सेल्मकडे पाहिलं, पुन्हा चांदणीकडे पाहिलं.

“दर नाताळाला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “दर नाताळाला मी या चांदणीखाली बसून तुझा केक खातो, ॲन्सेल्म.”

“मग बघायचं ना वर!” ॲन्सेल्म म्हणाला. “देव सांगतोय काहीतरी, आणि तुझं लक्ष केकात.”

“मला काय ठाऊक ती कसली वायर,” एलिना म्हणाली. “ड्रॉवरमध्ये होती, मजबूत होती, बांधली. एकदा पडली नाही चांदणी इतक्या वर्षांत.”

चांदणी उतरली. तिला सुतळीनं बांधून पुन्हा वर चढवलं, तेव्हाच एलिनानं वायर हातातून सोडली. सुमेधा टीव्हीपुढे मांडी घालून बसली. पडद्याखालच्या झडपेआड तीन रंगीत भोकं होती, धुळीनं माखलेली. पिवळ्यात पिवळी, पांढऱ्यात पांढरी, आणि चपटं टोक कॅमेऱ्याच्या कुशीत. टीव्हीचा रिमोट कधीच हरवला होता. पण झडपेआडच बटणं होती. ती दाबत दाबत सुमेधानं टीव्हीला वायरीतलं चित्र दाखवायला सांगितलं. पडदा निळा झाला. गोठ्याखाली एकाएकी समुद्र आल्यासारखं वाटलं.

“आता कॅमेरा चालू करा, बाबा.”

नरहरीनं बटण दाबलं. काही नाही.

“सेल,” तो म्हणाला. “सेल काढून ठेवलेत मी. सुरक्षिततेसाठी.”

“कुठे ठेवलेत?”

“सुरक्षित ठिकाणी. घरी.”

ॲन्सेल्म खुर्चीवर चढला आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून आणला. दुसरा स्वयंपाकघरातल्या घड्याळातून आला. “घे. माझ्या घरातली वेळ थांबवली तुझ्यासाठी. आता तरी वायरीचं विसर.”

“हे घड्याळाचे सेल या कॅमेऱ्याला फार पुरायचे नाहीत,” नरहरी म्हणाला. “हा राक्षसासारखा खातो. जे बघायचं ते लवकर बघा.”

कॅमेरा चिवचिवला. निळा समुद्र गेला आणि पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा वरून खाली पळू लागल्या, झावळीतून पडणाऱ्या उन्हासारख्या. रेघांमागे कुणीतरी होतं, पण कोण ते कळेना. सगळे एकदम बोलू लागले. ॲन्सेल्म म्हणाला टीव्हीला थापटा. नरहरी म्हणाला खबरदार. एलिना म्हणाली मेंढ्या पडतील.

“थांबा हो सगळे,” सुमेधा म्हणाली. “चित्र पाठवायच्या दोन तऱ्हा असतात. कॅमेरा एका तऱ्हेनं पाठवतोय, टीव्ही दुसरीची वाट बघतोय.” तिनं त्या पळत्या रेघांमधूनच कॅमेऱ्याची यादी कशीबशी वाचली, खाली गेली, आणखी खाली गेली, आणि एक बटण दाबलं.

रेघा थांबल्या. रंग आले. आधी पिवळा आला.

पडद्यावर वटारचं अंगण होतं, शेणानं सारवलेलं. मांडवाची झालर. मधे दगडी उखळ, आणि उखळाच्या पलीकडे मथुराआई.

हिरवं लुगडं, नाकात मोत्याची नथ, हातात मुसळ, मुसळाच्या कमरेला आंब्याची पानं. आईंच्या समोर, अर्धी पाठमोरी, मोगऱ्याचा गजरा माळलेली एक सडपातळ बाई दुसरं मुसळ धरून उभी होती. प्रेमलताला वाटलं, ही कोण बरं. आणि मग कळलं.

आईंनी मुसळ उचललं. आईंचं तोंड उघडलं. आणि टीव्हीतून मोठ्यानं आवाज आला:

“नमस्कार! आमचे धाकटे बंधू यांच्या शुभविवाहानिमित्त आपण सर्व इथे जमलेलो आहोत. हे आमचं उखळ. हे दगडी आहे.”

नरहरीचा आवाज. तरुण, खणखणीत, आकाशवाणीवर भरती झाल्यासारखा. त्या धक्क्यानं एक मेंढी आडवी झाली.

“ही आमची मातोश्री. ही आमची मिसेस. मागे दिसतोय तो आमचा आंबा. यंदा मोहर चांगला आहे.”

चित्र आंब्याकडे वळलं आणि मोहरावरून फिरू लागलं. खाली कुठेतरी, खूप लांब, विहिरीच्या तळाशी गुणगुणावं तसं काहीतरी चाललं होतं. तेच ते गाणं. पण एक अक्षर धड ऐकू येत नव्हतं.

“अहो, आंबा कशाला दाखवताय!” प्रेमलता ओरडली, जणू अठरा वर्षांपूर्वीचा नरहरी ते ऐकणार होता.

“आता येईल परत खाली,” आताचा नरहरी कसाबसा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

चित्र परत आलं. आवाज थांबला नाही. “कॅमेरा नवीन असून त्याची किंमत मी आत्ता सांगत नाही. ॲन्सेल्म, इकडे बघ. हे आमचे मित्र ॲन्सेल्म, यांनीही असाच घेतला आहे, पण त्यांना अजून चालवता येत नाही.”

“ऐक! ऐक!” ॲन्सेल्म म्हणाला. “काय हा माणूस आहे!”

एलिनानं तोंडात पदर कोंबला. सुमेधाचे डोळे वाहू लागले. प्रेमलतालाही हसू आलं. पण इतकं करून, इतक्या लांब येऊन, गाणं समोर होतं आणि त्याच्यावर हे भाषण बसलं होतं, देवळाच्या पायरीवर आडव्या पडलेल्या म्हशीसारखं. आणि कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकू लागला. सेल संपत आले होते.

नरहरीनं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. “मला काय माहीत होतं, प्रेमा,” तो म्हणाला. “मला वाटलं, गाणं काय, आई आहेच. परत म्हणेल.”

हे ती स्वतःसुद्धा म्हणू शकली असती. पडद्यावर आईंचं मुसळ खाली गेलं, वर आलं. समोरचं खाली गेलं. तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी हललं.

“सुमेधा,” ती म्हणाली, “आवाज बंद कर.”

“आई?”

“पार बंद कर. मला बघू दे.”

सुमेधानं बटण दाबून धरलं. नरहरीचं भाषण बारीक होत होत विझलं. मागे राहिले ते फक्त हात. मथुराआईंचे, हळदीनं पिवळे, नाकासमोरून सरळ वर जाणारे. आणि समोरच्या सडपातळ बाईचे, ते खाली आले की लगेच उठणारे. एक वर, एक खाली. एक वर, एक खाली. झोपाळ्याच्या दोन कड्या कुरकुरतात तसं.

प्रेमलता उठली. दाराआड ॲन्सेल्मची लांब दांड्याची छत्री होती. ती तिनं दोन्ही हातांत धरली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. पडद्यातल्या प्रेमलतानं मुसळ टाकलं, तेव्हा हिनं छत्री टेकवली. ठप्. पुन्हा ठप्. हात आपले आपण चालू लागले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. ठप् झालं की तिच्या तोंडून तिची ओळ बाहेर पडे, बारीक आवाजात: ‘लेकीची गं हळद…’ आणि मग समोर आईंचं मुसळ उठे.

उठे, आणि वर थांबे. इवलंसं, श्वासाएवढं. आणि तिथेच, मुसळ आभाळात असताना, आईंचं तोंड उघडे.

“अगं बाई,” प्रेमलता म्हणाली. “वरून घालायच्या त्या.”

ती इतके दिवस पहिला शब्द मुसळाच्या घावावर टाकत होती. म्हणून तर आरती होत होती. टाळ पडेल तिथे शब्द. आई घावावर बोलायच्याच नाहीत. आई ओळ हवेत सोडायच्या, आणि मुसळ तिच्या मागून खाली यायचं, ‘कांकण’ पाशी. उत्तर देणाऱ्या बाईला हे कधी दिसलंच नव्हतं, कारण त्या वेळी तिची नजर खाली असायची, उखळात, आपला घाव चुकू नये म्हणून.

प्रेमलतानं छत्री उचलली. वर धरली. मथुराआईंचं तोंड उघडलं, तिचंही उघडलं.

“मुसऽळ उचलीते…”

ओळ वर गेली, थोडी थबकली, आणि नारळीच्या झावळीवरून पाखरू उतरावं तशी खाली आली.

“…हाती कांकण वाजू दे!”

आणि पडदा निळा झाला. सेल संपले.

कुणी हळहळलं नाही. प्रेमलता छत्री हातात धरून उभी होती आणि तिला थांबवत नव्हतं. “केळीच्या बनामंदी वारा येतो दर्याचा…” एक ओळ दुसरीला हाताला धरून आणत होती. तीनचार ओळी झाल्यावर ती एकदम थांबली.

“पण झेलणार कोण?” ती म्हणाली. “मी घातली तर मी झेलू कशी?”

सगळ्यांनी सुमेधाकडे पाहिलं. सुमेधानं मागे वळून पाहिलं. मागे मेंढ्याच होत्या.

“मला? आई, मी शाळेत प्रार्थनेलासुद्धा नुसतं तोंड हलवायचे.”

“दुसरी ओळ सोपी असते, बाय,” प्रेमलता म्हणाली. “तिला फक्त यायचं असतं.”

एलिनानं सुमेधाच्या हातात पिठाचं लाटणं दिलं. पहिल्यांदा ती लवकर आली, दुसऱ्यांदा उशिरा आली, तिसऱ्यांदा लाटणं खुर्चीला लागलं. “ठेका चुकतोय माझा,” ती म्हणाली.

“चुकू दे. मुसळ वर असेपर्यंत सगळ्याला वेळ असतो.”

ॲन्सेल्म घड्याळं पुन्हा चालू करायला निघाला होता. तो तसाच दाराशी टेकून ऐकत राहिला, हातात ते दोन सेल घेऊन.

घाण्याच्या दिवशी वटारच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हंसाचा जावई खरंच तेवढा स्पीकर घेऊन आला होता आणि वायर घेऊन पिन खोचायला जागा शोधत हिंडत होता. पिवळ्या साडीतली ज्ञानदा पाटावर बसली. उखळाला हळदीकुंकू लागलं. मुसळांना आंब्याची पानं बांधली गेली. एका बाजूला प्रेमलता, दुसऱ्या बाजूला सुमेधा.

प्रेमलतानं मुसळ उचललं. आणि वर धरून ठेवलं.

“विसरली,” हंसा जावयाच्या कानात म्हणाली. “पिन सापडली का?”

“मुसऽळ उचलीते…”

ओळ मांडवाच्या झालरीपर्यंत गेली आणि मग मुसळ आलं. हंसाचं तोंड उघडंच राहिलं. ती आईची लेक होती. गळा नसला तरी कान होते. तिनं हात मागे करून जावयाच्या हातातली वायर काढून घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. डोळे पुसायला तिला हात मोकळे हवे होते.

“लेकीची गं हळद, साऱ्या वाडीला साजू दे,” सुमेधा म्हणाली. सुरात नव्हती, पण वेळेवर होती. तिच्या बोलण्यात सातारा होता आणि हातात वटारची हळद होती, आणि पहिल्या घावाला उडालेली थोडी नाकावर. चौथ्या-पाचव्या ओळीला ती लाजायची थांबली.

“उखळ भरलं गं, पिवळे झाले दोन्ही हात…”

“एकीनं घातली साद, दुसरीनं दिली साथ…”

आंब्याखाली नरहरी कॅमेरा घेऊन उभा होता. नवे सेल घातले होते. काळ्या पडद्यातून काही दिसत नव्हतं, पण नाकाच्या रेषेत धरायचं एवढं त्याला ठाऊक होतं. त्याच्या तोंडात अख्खा बुंदीचा लाडू होता. तो प्रेमलतानं स्वतःच्या हातानं भरवला होता आणि ती म्हणाली होती, गाणं संपेपर्यंत गिळायचा नाही. नरहरीनं गिळला नाही. गाल फुगवून, डोळे गच्च भरून, तो हूं की चूं न करता उभा राहिला.

लग्न झालं, ज्ञानदा सासरी गेली, मांडव उतरला. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा नंदाखालला जमले, केक खायला. गोठ्यात आता बाळ होतं. वायर ड्रॉवरमध्ये मानाच्या जागी होती. पिवळ्यात पिवळी, पांढऱ्यात पांढरी. या वेळी नरहरीनं स्वतः लावली.

चित्र थोडं वाकडं होतं, पण अंगण होतं, उखळ होतं, मुसळ आभाळात होतं. आणि प्रेमलताची ओळ स्वच्छ, एकटी, वर चढली. नरहरी अभिमानानं सगळ्यांकडे पाहू लागला. बघा, एक शब्द नाही माझा!

तेवढ्यात टीव्हीतून कुणीतरी अगदी कॅमेऱ्याच्या कानाशी बोलल्यासारखं बोललं:

“एलिना, ए एलिना, इकडे बघ. नरू रडतोय. लाडू तोंडात धरून रडतोय बघ. अरे गिळ, नरू, गिळ, मरशील!”

मग त्या आवाजाचं हसू आलं, मग एलिनाचं “गप बसा हो” आलं, आणि त्याखाली प्रेमलता आणि सुमेधा लांब, विहिरीच्या तळाशी गुणगुणत राहिल्या.

खोलीत सगळे ॲन्सेल्मकडे पाहू लागले. ॲन्सेल्म केकचा तुकडा हातात घेऊन वर चांदणीकडे पाहू लागला.

“राहू दे हो,” प्रेमलता म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “ज्ञानदाच्या पोरी आवाज बंद करून बघतील.”

आणि सुमेधाच्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, “नाहीतर तू आहेस की. चल, उद्यापासून पहिली ओळ घ्यायची तू.”